यमाईची चांदी

वाशी, ९ सप्टेंबर १९८२

चि. सुनीती,

अण्णाचा आशीर्वाद. तो घ्यायचा की नाही हे तू ठरव, मी पाठवतो आहे.

तुझं पत्र आलं. पाच वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तुझ्या आईने पाकीट आधी हातात घेतलं, मग चष्मा शोधला, मग माझ्यापुढे धरून म्हणाली, "मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचाल तर काहीतरी गाळाल." मी काही गाळलं नाही.

वाळे केतकीच्या पायात बरोबर बसले हे वाचून बरं वाटलं. घुंगरू एकेक ओढून पाहा, सैल असेल तर मूल तोंडात घालतं. पार्सल वाटेत फोडलेलं नव्हतं ना? आमच्या पोस्टातला माणूस जरा इकडेतिकडे बघत शिक्का मारतो, म्हणून विचारलं.

तुझ्या लग्नाच्या वेळी सुधीररावांबद्दल मी जे बोललो ते बोललो. मी जात पाहिली, माणूस पाहिला नाही, असं तुझी आई म्हणते. मी अजून तसं म्हणत नाही. पण वाळे पाठवले, त्यातून काय ते समज.

ते घडवले त्याच दिवशी पनवेलला गोटीराम सोनाराकडे आपल्या देवघरातले पाचही टाक नवीन करून घेतले. घासून घासून सपाट झाले होते, यमाई कुठली आणि खंडोबा कुठला हे फक्त तुझ्या आईला कळायचं. जुनी चांदी तीच, मुशीत वितळवून, पत्रा काढून, ठशावर उठवली. चांदी बदलता कामा नये म्हणून घरच्या माणसाने शेवटपर्यंत समोर बसायची आपल्यात रीत आहे. मी बसलो होतो.

तुझा भाऊ जयप्रकाश म्हणतो तू सांगलीच्या कॉलेजात ग्रीक लोकांचं तत्त्वज्ञान शिकवतेस. इथे बिल्डिंगमध्ये कोणी विचारलं तर मी "इंग्रजी" असं सांगतो, म्हणजे पुढचं काही विचारत नाहीत. मी मराठी सहावी, फायनलला बसलो आणि राहिलो. तरी मला कळेल अशा बेताने चार ओळी लिही.

अण्णा

वाशी, २ ऑक्टोबर १९८२

चि. सुनीती,

चार ओळी मागितल्या, तू चार पानं लिहिलीस. दोनदा वाचली. त्या ग्रीक माणसाचं नाव मला नीट लिहिता येत नाही, म्हणून मी नुसतं ग्रीक म्हणेन.

मला समजलं ते असं. कुठलीही वस्तू दोन गोष्टींची असते. ज्याची ती बनते ते द्रव्य, आणि ज्याच्यामुळे ती 'ती' ठरते तो आकार. कांस्याचा पुतळा वितळवून घंगाळ केलं तर कांसं राहिलं, पुतळा गेला. म्हणून वस्तूचं खरं असणं द्रव्यात नाही, आकारात. आणि आकार काढून घेतला की जे उरतं ते कुणाला ओळखता येत नाही, ते काहीच नसतं आणि काहीही होऊ शकतं. बरोबर? गिरणीच्या भांडारात मी जन्म काढला. तेच सूत धोतर व्हायचं, तेच चादर व्हायचं. तेव्हा हे मला अगदीच परकं नाही.

पण शंका आहे. गोटीरामच्या मुशीत टाक मी माझ्या हाताने सोडले. खंडोबा गेला, यमाई गेली, तळाशी नुसतं पांढरं काहीतरी हलत होतं. त्या वेळी यमाई कुठे होती? ग्रीकाच्या मते नव्हतीच. मग नव्या पत्र्यावर आली ती तीच कशावरून? आणि आधीच्या टाकावर तर आकार उरलाच नव्हता. आपण इतकी वर्षं सपाट चांदीला नमस्कार करत होतो, आणि ती पावत होती. म्हणजे ती चांदीतच असणार. यावर तुझा ग्रीक काय म्हणतो?

तुझी आई म्हणाली, "मुलीशी पाच वर्षं बोलला नाहीत, आणि आता भांडायला ग्रीक शोधलात."

नवरात्र जवळ आलं. यंदा नवे टाक बसतील.

अण्णा

वाशी, १ नोव्हेंबर १९८२

चि. सुनीती,

तू माझी शंका वर्गात सांगितलीस आणि मुलांनी वह्या मिटून ऐकली, हे मी खालच्या मजल्यावरच्या रावसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आता तुम्ही प्रोफेसर." टोमणा होता, पण मला चालला.

तुझं उत्तर मी पाठ केलं आहे. आकार म्हणजे नाक-डोळे नव्हेत, आकार म्हणजे त्या वस्तूचं काम. डोळा म्हणजे बुबुळ नव्हे, पाहणं. पाहत नसेल तो डोळा दगडी मूर्तीच्या डोळ्यासारखा, नावापुरता. तुटून पडलेला हात हाही नावाचाच हात. हे वाक्य वाचल्यापासून मी माझ्या हाताकडे उगीच बघत बसतो.

आमच्याकडे दसरा ठीक झाला. टाक घासायला थोडा वेळ लागला, बाकी काही नाही.

एक विचारायचं होतं. सहज विचारतो. वाळे काळे पडतात का? चांदी थोडीफार काळवंडतेच. सगळ्यांची काळवंडते. तरी पडतात की नाही एवढं कळव. पोस्टकार्ड चालेल. ग्रीकाचं नंतर लिहिलंस तरी चालेल, हे आधी लिही.

आणि मूल झोपलं की वाळे पायातून काढून उंच जागी ठेवत जा. खाली जमिनीवर नको.

अण्णा

वाशी, २४ नोव्हेंबर १९८२

चि. सुनीती,

वाळे आले तसेच पांढरेशुभ्र आहेत असं तू लिहिलंस. बरं. म्हणजे चांगलंच आहे.

आता असं कर. ते परत पाठव. मूल वाढतं, गोटीराम मोठे करून देतो म्हणाला. मी परवा एका कामासाठी पनवेलला गेलो होतो तेव्हा विषय निघाला. सुधीररावांना वाईट वाटण्याचं कारण नाही, बदल्यात तोवर दुसरे पाठवतो. रजिस्टर्ड पार्सल कर, साध्या पोस्टाने नको. तुला वेळ नसेल तर जयप्रकाश येऊन घेऊन जाईल. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही.

तू म्हणतेस आकार म्हणजे काम. यमाईचं काम घर राखायचं. समज ती ते काम करत नसेल, तर जी देवघरात आहे ती नावाची यमाई झाली, तुटलेल्या हातासारखी. आणि काम करणारी दुसरीकडे कुठे असेल, आणि तिथे तिला तिची जागा मिळाली नसेल, पाट नाही, फूल नाही, तर ती काय करेल? तुझा ग्रीक देवांना भीत होता का, हे तू लिहिलं नाहीस.

केतकीला संध्याकाळचा ताप येतो हे तू पत्राच्या शेवटी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं लिहिलंस. कधीपासून येतो? वाळे घालायला लागल्याच्या आधीपासून की नंतर? नीट आठवून लिही.

अण्णा

वाशी, १५ डिसेंबर १९८२

चि. सुनीती,

तू रागाने लिहिलंस ते मी तुझ्या आईला पूर्ण वाचून दाखवलं. दिलेली वस्तू कोणी परत मागतं का, सुधीरला मी काय तोंड दाखवू, तुमचं मन पुन्हा फिरलं असेल तर सरळ सांगा. वाचून झाल्यावर ती मला म्हणाली, "सांगा तिला. नाहीतर मी लिहिते, माझं अक्षर कसंही असलं तरी."

तेव्हा सांगतो. माझं मन फिरलेलं नाही.

दसऱ्याला टाक काढले तेव्हा ते काळे पडले होते. दोन महिन्यांत. आपले जुने टाक चाळीत असताना कधी असे काळवंडले नाहीत, ती चांदी चोख होती. तुझ्या आईने चिंच लावली, राख लावली, चार दिवसांत पुन्हा तेच. मी एक टाक रुमालात बांधून गोटीरामकडे गेलो.

त्या दिवशी मी त्याला दोन पुरचुंड्या दिल्या होत्या. एकीत टाक. दुसरीत तुझ्या आईची जुनी जोडवी आणि आजीचे तुटके तोडे, केतकीच्या वाळ्यांसाठी. वजनं जवळपास सारखीच. त्याने दोन्ही वेगवेगळ्या मुशीत वितळवल्या आणि दोन कांबी ओतून पाटावर ठेवल्या. मी समोर होतो.

गोटीरामने टाक उजेडात धरला, पुसला, परत धरला. म्हणाला, "काका, ह्यात तांबं हाय. ही देवांची चांदी नाय."

मी म्हटलं, "मग कुठली?"

"जोडव्यांची असंल."

"अरे, मी समोर बसलो होतो."

"बसला होता ना. मग ऊन लागतंय म्हणून पाट फिरव कोन म्हनलं? तुमीच. मी फिरवला. डाव्या अंगाची कांब देवांची, उजव्या अंगाची घरची, असं माज्या डोक्यात. पाट फिरला तर डावं कुठलं न् उजवं कुठलं."

"तुला बघून कळलं नाही?"

"वितळल्यावर कांबीवर नाव ऱ्हातं का, काका? दोन्ही सारख्याच."

असं आहे सगळं. तुझ्या आईची पायातली जोडवी आमच्या देवघरात यमाई होऊन बसली आहेत, आणि यमाई केतकीच्या पायात आहे. मूल पाय आपटतं, धुळीत चालतं, कुठेही शी-शू करतं. तुमच्या घरात देवघर नाही. मी तिला तुमच्याकडे पाठवली आणि वर रजिस्टर्डची पावती जपून ठेवली.

आणि मिरजेचे डॉक्टर म्हणतात छातीत डाग आहे. प्रायमरी कॉम्प्लेक्स म्हणजे लहान मुलांचा क्षय, हे जयप्रकाशने मला हळू आवाजात सांगितलं. चाळीत आमच्या शेजारी खोकून खोकून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. वर्षभर औषध म्हणजे किती मोठा आजार असेल.

वाळे आजच काढ. रागव माझ्यावर, पण काढ. ओल्या फडक्याने पुसून पाटावर ठेव.

अण्णा

वाशी, ६ जानेवारी १९८३

चि. सुनीती,

तुझं पत्र वाचून मी देवासमोर जाऊन उभा राहिलो. जे कोणी तिथे आहे त्याच्यासमोर.

तू लिहितेस की निव्वळ माझ्या समाधानासाठी, हसत हसत, तू वाळे काढलेस. आणि त्याच आठवड्यात केतकीचा ताप गेला. संध्याकाळी अंग गार. आता ती खाते, खेळते, रडली तर मोठ्याने रडते. मी तुझ्या आईला म्हटलं, "बघ." ती म्हणाली, "पोर बरी झाली एवढं मी बघते. बाकीचं तुम्ही बघा."

तू विचारलंस ते सांगतो. वाळे पाटावर ठेवलेस ते चांगलं केलंस. मंगळवारी आणि शुक्रवारी ओटी भर, खण नसेल तर नुसते तांदूळ-नारळ चालतील. दिवा रोज लाव. परत पाठवायची घाई आता नको, ती शांत झाली आहे तर तिथेच असू दे.

सहा पानांच्या पत्रात ग्रीकाचं नाव नाही. मी शोधलं. तू कॉलेजातून रजा घेतली आहेस, दिवसभर पाटाजवळ बसतेस, केतकीला शेजारच्या पोरांत सोडत नाहीस, कोणी तिच्या पायांकडे पाहिलं तर पदर टाकतेस. मी भित्रा माणूस, मी असं केलं असतं. तू कधी असं करत नव्हतीस. लहानपणी अंधाऱ्या जिन्यावरून मीच तुला पुढे घालायचो.

औषधाचं तू काही लिहिलं नाहीस. देतेस ना?

अण्णा

वाशी, २१ जानेवारी १९८३

चि. सुनीती,

हे पत्र आधी पूर्ण वाच. उभ्याने वाचू नको, बसून वाच.

संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा तुझ्या वहिनीने, चारुलताने, आमच्या घरी केलं. बायका आल्या. मी आतल्या खोलीत होतो, पण या फ्लॅटात आत आणि बाहेर असं काही नसतं. चारुलताने गुलाबदाणी काढली तेव्हा ओशाळून म्हणाली, "काळी झालीय हो, कालच घासलेली."

एक बाई म्हणाली, "टेन्शन नको घेऊ. आमच्याकडे बाळाचा वाटी-चमचा कोळसा झालाय."

दुसरी म्हणाली, "आमची निरांजनं बघा. मी तर सासूबाईंना सांगितलं, तुमच्या लेकाने नकली आणली."

सगळ्या हसल्या. मग तिसरी कोणी म्हणाली, "नकली कसली. तो कुजक्या अंड्याचा वास येतो ना खाडीकडून, कारखान्यांच्या पट्ट्यातून? गॅस आहे तो. आमचे हे सांगत होते, चांदी त्याने काळी पडते. दादरला माझ्या बहिणीकडे तीच भांडी लख्ख असतात."

सुनीती, मी तसाच बायकांच्यात बाहेर आलो आणि प्रत्येकीला विचारलं. सगळ्या बिल्डिंगची चांदी काळी आहे. चोखही, खोटीही. दुसऱ्या दिवशी पनवेलला गेलो. गोटीराम म्हणाला, "असं असंल तर मग मी काय सांगू? पाट फिरवलेला मला आठवतो, त्याच्या पुढचं तुमच्या टाकानेच मला सांगितलं. टाकच खोटं बोलत असंल तर मला काय कळतंय." पनवेलला चांदी पांढरी राहते, सांगलीला पांढरी राहते. फक्त वाशीत नाही, आणि आम्ही चाळ सोडून इथे आलो ते टाक नवे करायच्या थोडंच आधी. म्हणजे माझ्याकडे पुरावा म्हणून काही उरलेलं नाही. यमाई बहुधा तिच्या जागीच होती आणि आहे. मी हवेला घाबरून तुला घाबरवलं.

सुधीररावांचं पत्र आलं. तू रागवू नको त्यांच्यावर. त्यांनी लिहिलं आहे की वाळे काढले त्या आठवड्यापासून तू औषध बंद केलं आहेस. डॉक्टर म्हणाले, ताप गेला तो औषधाने गेला, महिन्याभरात जातोच. पण रोग गेलेला नाही. तो आत बसून आहे आणि आता सोडला तर उलटेल, मेंदूपर्यंत जाईल. बरी दिसते म्हणजे बरी आहे असं नाही, सुनीती. हे तू मला शिकवायचं, मी तुला नाही.

औषध आजपासून पुन्हा सुरू कर. मी आधी लिहिलेलं सगळं फाड.

अण्णा

वाशी, ५ फेब्रुवारी १९८३

श्री. सुधीरराव,

तुम्हाला मी पहिल्यांदाच लिहितो आहे आणि तेही घराच्या नाही, कॉलेजच्या पत्त्यावर. हे पत्र वाचून फाडा.

तिचं उत्तर आलं. तीनच ओळी आहेत. "अण्णा, मला बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नका. दसऱ्यापासून तुम्ही लपवत होता आणि मी खुळी वर्गात तुमचं कौतुक सांगत होते. आता मला तुमचं लपवणं ओळखता येतं. येऊ नका, त्या घरातलं कोणीही इथे नको." जयप्रकाश येतो म्हणाला होता, त्यालाही तिने तार केली.

खोटं होतं तेव्हा तिने मानलं. आता खरं सांगतो तर मानत नाही. तुम्ही तिला ग्रीक सांगून पाहिलंत, तुम्ही लिहिता की ती शांतपणे ऐकते आणि उठून दिव्यात तेल घालते. डॉक्टरांना ती दारातून परत पाठवते. मग तिच्यापाशी पोचायची एकच वाट राहिली आहे, आणि ती वाट मीच पाडली आहे.

आजच तिला दुसरं पत्र टाकतो आहे. त्यात जे आहे ते घडलेलं नाही. तुम्ही हसू नका, वाद घालू नका. तिने विचारलं तर एवढंच म्हणा की अण्णा स्वप्नं सांगत फिरणाऱ्यांतले नाहीत.

हे लागू पडलं तर तुमची मुलगी राहील. पण तुम्ही जिच्याशी लग्न केलंत, मुलांना शंका विचारायला लावणारी, ती यातून परत येईल असं मला वाटत नाही. मी तो दरवाजा बाहेरून लावतो आहे. रात्रंदिवस दुसरा उपाय शोधला. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला सुचला तर तिचं पत्र पोचायच्या आत करा, आणि ते तिच्या हाती पडू देऊ नका. नाही सुचला तर पडू द्या.

तुमचा,
सुनीतीचा अण्णा

वाशी, ५ फेब्रुवारी १९८३

चि. सुनीती,

तू बरोबर ओळखलंस. मागचं पत्र मी तुझं मन शांत व्हावं म्हणून लिहिलं. हळदीकुंकवाचं सगळं बाजूला ठेव. वाळ्यांत यमाईच आहे. आता मला ते पक्कं माहीत आहे, कारण तिने सांगितलं.

काल जेवण करून खुर्चीत बसलो होतो, डोळा लागला. ती दारातून नाही आली, देवघरातूनही नाही. माझ्या मागे उभी होती, म्हणून मला वळून बघता आलं नाही. म्हणाली, माझी जागा बदलली याचा राग मला आला होता, पण पोरीच्या पायांचा नाही. पोरीचे पाय मला आवडले. मी त्यांच्यात राहिले आहे आणि ती माझी झाली आहे.

मी विचारलं, मग ताप का दिलास? म्हणाली, तो मी दिला नाही, मी थोपवून धरला आहे. माझ्या एकटीच्याने तो थोपत नाही. मिरजेची पूड मधातून रोज पोटात गेली पाहिजे, सुई टोचायची ती टोचली पाहिजे, डॉक्टर पुरे म्हणेपर्यंत. तोच माझा नैवेद्य. एक दिवस चुकला तर मी हात काढून घेईन.

असं ती म्हणाली. तू चुकवलेले दिवस तिने मोजले आहेत. मी तिला सांगितलं की तुला माहीत नव्हतं.

औषधाची पुडी आधी पाटावर वाळ्यांजवळ ठेव, मग केतकीला दे. आज पत्र मिळेल त्या वेळी, संध्याकाळची वाट न बघता. डॉक्टरांना दारातून परत पाठवू नको, त्यांना तिनेच पाठवलं आहे.

हे खरं आहे. यमाईची शपथ घेऊन लिहितो, टाकावर हात ठेवून लिहितो. खोटं असेल तर तिने बघून घ्यावं. केतकीला नाही, तुला नाही. मला.

अण्णा